प्रॉबेबल कॉज अ‍ॅफिडेव्हिट: प्रत्येक ओळीला ‘कशावरून?’ विचारा

आधी प्रश्न काय आहे ते थोडक्यात लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. भाचा फ्लोरिडात एमएस करतोय, सेल्फ चेकआउटवर साधारण १४० डॉलरचं सामान स्कॅन न करता बाहेर नेलं म्हणून दुकानवाल्यांनी अडवलं, पोलीस आले, अटक झाली, एक रात्र जेलमध्ये गेली, दुसऱ्या दिवशी सुटला. आता कोर्टाच्या साइटवर त्याच्या नावाने ‘प्रॉबेबल कॉज अ‍ॅफिडेव्हिट’ (अटकेला पुरेसं कारण काय ते सांगणारं शपथपत्र) असा दीड पानाचा कागद दिसतोय आणि त्यात त्याने चोरी केली असं सरळ लिहिलंय. सांगलीत बसलेल्या मामांना तीन गोष्टी हव्यात: हे चार्जशीट आहे का, असल्या कागदात कायद्याने काय असावं लागतं, आणि त्यातल्या चुका लगेच जजला दाखवता येतात का.

मी फ्लोरिडात वीस वर्षं क्रिमिनल डिफेन्स करतोय, त्यातली पहिली पाच वर्षं पब्लिक डिफेंडर (गरीब आरोपींना सरकारकडून मिळणारा वकील) म्हणून केली, असे कागद रोज हातात येतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी जे सांगतोय ते फ्लोरिडाचं आहे, घटनेचा भाग सगळ्या अमेरिकेला लागू, पण तारखा, मुदती, फॉर्मची नावं प्रत्येक राज्यात वेगळी. मायामीकडे याच कागदाला ‘ए-फॉर्म’ म्हणतात.

तर मामा, हे चार्जशीट नाही. आपल्याकडे एफआयआर, मग तपास, मग चार्जशीट असा क्रम असतो, त्यात हा कागद नीट कुठेच बसत नाही म्हणून गोंधळ होतो. हे पोलिसाचं शपथपत्र आहे, ‘मी या माणसाला धरलं किंवा धरायचंय, आणि माझ्याकडे त्याला पुरेसं कारण अमुक अमुक आहे’ एवढंच ते सांगतं. आरोप कोणता ठेवायचा आणि ठेवायचा की नाही हे सरकारी वकिलाचं ऑफिस नंतर ठरवतं, त्या कागदाला फ्लोरिडात ‘इन्फर्मेशन’ म्हणतात. ग्रँड ज्युरी (खटला चालवायचा का ते ठरवणारी सामान्य नागरिकांची समिती) इथे फाशीच्या गुन्ह्यालाच सक्तीची आहे. पोलिसाने लिहिलेलं कलम सरकारी वकील बदलू शकतो, खाली आणू शकतो, वर नेऊ शकतो, किंवा काहीच फाइल करत नाही असंही पुष्कळदा होतं.

मुळात हे सगळं अमेरिकन घटनेच्या चौथ्या दुरुस्तीतून आलं, १७९१ची. त्यात म्हटलंय की वॉरंट निघायचं तर ‘प्रॉबेबल कॉज’ पाहिजे, त्याला शपथेचा आधार पाहिजे, आणि कोणत्या जागेची झडती घ्यायची, कोणाला किंवा काय ताब्यात घ्यायचं याचं नेमकं वर्णन पाहिजे. म्हणजे अ‍ॅफिडेव्हिट तीन वेळा लागतं: अटकेचं वॉरंट मागताना, झडतीचं वॉरंट मागताना, आणि वॉरंटशिवाय आधीच अटक केली असेल तर नंतर जजकडे तिचं कारण सांगताना. भाच्याचं हे तिसरं. इथे बरेच लोक विचारतात की पोलिसाने काही डोळ्याने बघितलं नव्हतं मग वॉरंटशिवाय अटक कशी. एरवी छोट्या गुन्ह्यात पोलिसासमोर घडलं पाहिजे असा नियम आहे खरा, पण दुकानातल्या चोरीला फ्लोरिडाच्या कायद्यात वेगळी सूट आहे, दुकानाच्या माणसाच्या सांगण्यावरून अटक करता येते, फक्त प्रॉबेबल कॉज हवं.

आणि ते आहे की नाही हे पोलिसाने स्वतःच ठरवून चालत नाही, तटस्थ मॅजिस्ट्रेटने बघायचं. १९७५ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गर्स्टीन विरुद्ध प्यू ही केस झाली, ती फ्लोरिडाचीच, इथे तेव्हा सरकारी वकिलाने इन्फर्मेशन फाइल केली की जजने कारण न तपासताच माणूस आत राहायचा. कोर्टाने सांगितलं की वॉरंटशिवाय धरलेल्या माणसाला अडकवून ठेवायचं तर जजने लवकरात लवकर कारण तपासलंच पाहिजे. लवकर म्हणजे किती? १९९१च्या रिव्हरसाइड काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) केसमध्ये ते ४८ तास ठरले. पण ही तपासणी म्हणजे सुनावणी नव्हे हे नीट समजून घ्या. जज कागद वाचतो, साक्षीदार नाही, उलटतपासणी नाही, तुमच्या बाजूचं काही मांडायची सोय बहुतेक नाहीच. म्हणून जजने ‘कारण आहे’ म्हटलं याचा अर्थ जजला भाचा चोर वाटला असा अजिबात होत नाही. फोनवर रडणाऱ्या किती आईबापांना हे एकच वाक्य समजावलंय ते मलाच माहीत.

आता मुख्य मुद्दा, त्यात काय असावं लागतं. कायद्याची पुस्तकं पानंच्या पानं लिहितात पण आपल्या मराठीत याची परीक्षा एका शब्दात होते: कशावरून? अ‍ॅफिडेव्हिटमधल्या प्रत्येक विधानाला हा प्रश्न विचारा. ‘आरोपीने सामान चोरलं.’ कशावरून? ‘दुकानाच्या लॉस प्रिव्हेन्शनच्या (चोऱ्या रोखणाऱ्या) माणसाने कॅमेऱ्यावर बघितलं.’ काय बघितलं? ‘अकरा वस्तू पिशवीत टाकल्या त्यातल्या सात स्कॅन केल्या नाहीत, बाकीच्यांचेच पैसे भरून त्या सातांसह शेवटचा दरवाजा ओलांडला.’ हे उत्तर झालं. नुसतं ‘आरोपीने चोरी केली असं माझ्या तपासात निष्पन्न झालं’ हे उत्तर नाही, तो पोलिसाने जजच्या वतीने काढलेला निष्कर्ष झाला. फॅक्ट पोलिसाने द्यायची, निष्कर्ष जजने काढायचा, हा सगळ्याचा पाया आहे.

यावर जुनी केस आहे अग्विलार विरुद्ध टेक्सस, १९६४. ह्यूस्टनच्या पोलिसांनी झडतीच्या अर्जात जवळपास एवढंच लिहिलेलं की विश्वासू माणसाकडून खात्रीची माहिती मिळालीय की त्या घरात हेरॉइन आहे. कोर्ट म्हणालं, त्या माणसाला हे कळलं कशावरून, आणि तो विश्वासू कशावरून? दोन्हीची उत्तरं कागदात नव्हती म्हणून वॉरंट टिकलं नाही.

पुढे मात्र १९८३ला इलिनॉय विरुद्ध गेट्समध्ये कोर्टाने ही परीक्षा सैल केली, ती गोष्ट सांगण्यासारखी आहे. मे १९७८, शिकागोजवळचं ब्लूमिंगडेल गाव, पोलिसांना निनावी पत्र आलं. अमुक जोडपं ड्रग्ज विकतं, बायको कार घेऊन फ्लोरिडाला जाते, नवरा विमानाने जाऊन कार भरून परत आणतो, तळघरात एक लाख डॉलरहून जास्त किमतीचा माल आहे, आणि ३ मेला ती पुन्हा निघतेय. लिहिणाऱ्याचं नाव नाही गाव नाही. नुसत्या पत्रावर वॉरंट मिळालं नसतं, कारण ‘कशावरून’चं उत्तर त्यात नव्हतंच. पण डिटेक्टिव्हने खोदकाम केलं. नवऱ्याचं ५ मेचं वेस्ट पाम बीचचं तिकीट सापडलं, तिथे तो बायकोच्या नावावरच्या हॉटेलच्या खोलीत गेला, दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघं इलिनॉयच्या नंबरप्लेटची कार घेऊन उत्तरेकडे निघाली. पत्रात बायको विमानाने परत येते असं होतं, तो तपशील चुकला. तरी कोर्ट म्हणालं की सगळी परिस्थिती एकत्र बघा, पत्रातल्या पुढे घडणाऱ्या गोष्टी एवढ्या खऱ्या निघाल्या तर बाकीचंही खरं असण्याची बऱ्यापैकी शक्यता आहे. आज फ्लोरिडासकट बहुतेक ठिकाणी हीच ‘सगळी परिस्थिती एकत्र’वाली परीक्षा चालते. पण लोक त्यातून चुकीचा अर्थ काढतात की आता काहीही चालतं. तसं नाही, डिटेक्टिव्हने पत्राच्या पलीकडे जाऊन जे खरं करून बघितलं त्यामुळे ते वॉरंट टिकलं.

मग भाच्याच्या कागदात नेमकं काय असलं पाहिजे? कोण, कधी, कुठे, आणि कुठे म्हणजे कोणत्या काउंटीत, कारण त्यावरून कोर्टाचा अधिकार ठरतो. हाच तो माणूस कशावरून, लायसन्स बघितलं की कॅमेऱ्यातल्या कपड्यांवरून की कोणी ओळखलं. गुन्ह्याचा प्रत्येक घटक कशावरून. आणि पोलिसाला स्वतःला काय माहीत आणि कोणाकडून ऐकलं, हे वेगळं वेगळं. ऐकीव माहिती इथे चालते, ट्रायलमध्ये चालणार नाही ती सुद्धा, फक्त सांगणारा विश्वास ठेवण्यासारखा का आहे ते कळलं पाहिजे. दुकानाचा कर्मचारी नाव देऊन सांगतोय तर ते सहसा पुरतं, निनावी फोन असेल तर नाही पुरत. शेवटी शपथ आणि सही. फ्लोरिडात ड्युटीवरचा एक ऑफिसर दुसऱ्या ऑफिसरला शपथ देऊ शकतो, नोटरी शोधायची गरज नसते, त्यामुळे तिथे दुसऱ्या पोलिसाची सही दिसली तर घोळ आहे असं समजू नका. शपथेची जागा कोरी असेल तर मात्र वकिलाला जरूर दाखवा.

गुन्ह्याच्या घटकांबद्दल थांबून लिहितो कारण खरी मेख इथे असते. चोरीला नुसतं सामान बाहेर जाणं पुरत नाही, मुद्दाम नेलं हे पाहिजे. सेल्फ चेकआउटवर काही गोष्टी स्कॅन व्हायच्या राहिल्या ही चूकही असू शकते. म्हणून तुमच्या कागदात बघा, हेतू कशावरून म्हटलाय? स्टिकर बदलले, एका वस्तूवर दुसरी ठेवून स्कॅन केलं, इकडेतिकडे बघत पिशवीत लपवलं, थांबवल्यावर पळाला, असं काही आहे का नुसतं ‘जाणूनबुजून’ हा शब्द टाकून दिलाय? आणि किंमत कशावरून, १४० डॉलर हा आकडा पावतीवरून आहे की अंदाजाने? हे क्षुल्लक वाटेल पण १०० डॉलरच्या खाली कमाल शिक्षा ६० दिवस, १०० ते ७५०च्या आत एक वर्षापर्यंत, आणि ७५० झाले की फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा. इमिग्रेशनच्या एका कलमात ‘एक वर्ष शिक्षा होऊ शकेल असा गुन्हा’ ही रेघ आहे, म्हणजे व्हिसावरच्या मुलाला १०० डॉलरच्या अलीकडे की पलीकडे याने आयुष्याचा फरक पडू शकतो. त्या दीड पानातल्या किमतीच्या ओळीकडे सगळ्यात आधी मी बघतो.

आता कडू भाग. हा उंबरठा खूप खालचा आहे. ट्रायलला ‘वाजवी शंकेपलीकडे’ सिद्ध करावं लागतं, इथे निम्म्याहून जास्त शक्यता सुद्धा दाखवावी लागत नाही. टक्क्यात मोजता येत नाही असं सुप्रीम कोर्टानेच म्हटलंय, २००३ची मेरीलँडची केस, प्रिंगल. पहाटे कार थांबवली, आत तिघं जण, ग्लोव्ह बॉक्समध्ये ७६३ डॉलर आणि मागच्या सीटच्या आर्मरेस्टमागे कोकेनच्या पाच पुड्या, कोणीच ‘माझं आहे’ म्हणेना, तर तिघांनाही धरलं. कोर्टाने नऊ विरुद्ध शून्य मतांनी सांगितलं, पुढच्या सीटवर बसलेल्याला धरायलाही पुरेसं कारण होतं. तेव्हा वकील पहिल्या दिवशीच हा कागद फाडून टाकेल अशी आशा मामा तुम्ही धरू नका, मी धरायला लावणार नाही.

आणि कागद खरंच कच्चा निघाला तरी केस आपोआप मरत नाही. जज ‘कारण नाही’ म्हणाला तर कोठडी संपते, जामिनाच्या अटी सुटतात, पण सरकारी वकील नंतर इन्फर्मेशन फाइल करू शकतोच, आणि अटक चुकीची होती एवढ्यावरून पुढची शिक्षा रद्द होत नाही हे गर्स्टीनमध्येच लिहिलंय. मग कच्च्या कागदाचा उपयोग काय? त्या अटकेतून किंवा झडतीतून जे हाती लागलं, जबाब, फोन, पिशवीतली वस्तू, ते पुराव्यातून बाहेर काढायला.

कागदात खोटं असेल तर? हा तुमचा तिसरा प्रश्न. यावर १९७८ची फ्रँक्स विरुद्ध डेलावेअर. तिथे अ‍ॅफिडेव्हिटमध्ये लिहिलेलं की आरोपीच्या दोन सहकाऱ्यांशी बोललो, तो नेहमी अमुक कपडे घालतो असं ते म्हणाले. बचावाचं म्हणणं की ते दोघं सांगायला तयार आहेत, त्या डिटेक्टिव्हशी आम्ही कधी बोललोच नाही. कोर्टाने वाट मोकळी केली: पोलिसाने जाणूनबुजून किंवा खऱ्याखोट्याची पर्वा न करता काही खोटं लिहिलंय असं सुरुवातीलाच भक्कम दाखवलंत तर सुनावणी मिळते, आणि खोटी वाक्यं खोडून उरलेल्या कागदात पुरेसं कारण आहे का ते बघितलं जातं. ती केस वॉरंटच्या कागदाची होती पण तोच विचार इतरत्रही वापरला जातो, आणि महत्त्वाची गोष्ट मुद्दाम गाळली असेल तर बहुतेक कोर्टं तेही मोजतात. साधी चूक मात्र चालते. टीशर्ट निळा होता आणि हिरवा लिहिला, वेळ दहा मिनिटांनी चुकली, स्पेलिंग चुकलं, याने काही होत नाही. भारतीय कुटुंबांचा अर्धा वेळ अशाच चुकांची यादी करण्यात जातो आणि हेतूवरची रिकामी ओळ कोणी बघतच नाही.

खोटा कागद काय करू शकतो याची दोन उदाहरणं मी नवीन वकिलांना नेहमी देतो. वॉशिंग्टन राज्यात एका शाळेतून कॉम्प्युटरचं सामान चोरीला गेलं, तिथल्या काचेच्या पार्टिशनवर एका माणसाच्या बोटांचे ठसे मिळाले, आणि सरकारी वकिलाने स्वतः शपथेवर लिहिलं की याचा शाळेशी काही संबंध नाही आणि याला आत यायची परवानगी नव्हती. खरं काय, तर त्याने त्या शाळेत पार्टिशन बसवायचं काम केलेलं, ठसे असणारच! एक दिवस जेलमध्ये गेला, महिन्याभराने केस मागे घेतली गेली. १९९७ला कॅलिना विरुद्ध फ्लेचरमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की वकील शपथेवर फॅक्ट सांगायला गेला की तो साक्षीदार होतो, मग वकिलाला असलेलं संपूर्ण संरक्षण त्याला मिळत नाही. दुसरं इलिनॉयमधल्या जोलिएटचं, २०११. माणसाच्या खिशात व्हिटॅमिनच्या गोळ्या, जागेवरची टेस्ट निगेटिव्ह, तरी कागदात लिहिलं की गोळी एक्स्टसी (एक ड्रग) निघाली आणि ‘माझ्या अनुभवावरून’ मी ओळखलं. जजने त्या कागदावर विश्वास ठेवला आणि माणूस ४८ दिवस आत राहिला. ‘माझ्या ट्रेनिंग आणि अनुभवावरून’ हे शब्द दिसले की म्हणून मी पेन काढतोच.

झडतीच्या अ‍ॅफिडेव्हिटबद्दल फार लिहीत नाही, भाच्याचा फोन घेतलाय असं म्हणालात म्हणून एवढंच. तिथे आणखी दोन गोष्टी लागतात: शोधायची वस्तू त्याच जागी मिळेल हे कशावरून, आणि माहिती ताजी आहे का. दुकानातल्या चोरीसाठी अख्खा फोन उघडायला मागितला असेल तर त्यात काय मिळणार याचं कारण कागदात हवं. आणि स्वतः पासकोड देऊ नका, आधी वकिलाला विचारा. चांगला लिहिलेला कागद कसा दिसतो ते बघायचं असेल तर आयडाहोतल्या मॉस्को गावच्या चार विद्यार्थ्यांच्या २०२२च्या खुनाच्या केसचं अ‍ॅफिडेव्हिट वाचा, जानेवारी २०२३मध्ये ते खुलं झालं. चाकूच्या म्यानावरचा डीएनए, पांढऱ्या कारचं फुटेज, फोन नेटवर्कवरून गायब झाल्याची वेळ, वडिलांच्या घरच्या कचऱ्यातून जुळवलेला डीएनए, प्रत्येक कडीला ‘कशावरून’चं उत्तर तयार आहे.

शेवटी त्या परिच्छेदाबद्दल जो तुम्ही मला वेगळा विचारलात, ‘आरोपीने सांगितलं की पैसे वाचवायला असं केलं’. हा त्या कागदातला सगळ्यात जड भाग आहे. आपल्याकडे पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, इथे चालते. आणि आपली मुलं ‘कर नाही त्याला डर कशाला’ या संस्कारात वाढलेली, पोलिसाला सगळं नीट समजावून सांगितलं तर सोडून देतील असं त्यांना मनापासून वाटतं. मी हे शेकडो वेळा बघितलंय आणि दरवेळी पोटात तुटतं. हेतूचा जो घटक पोलिसाकडे नव्हता तो पोरगं स्वतःच्या तोंडाने देतं. मिरांडाचा इशारा (गप्प राहायचा आणि वकील मागायचा हक्क आहे हे सांगणं) अटकेत प्रश्न विचारताना द्यावा लागतो, पण दुकानाच्या मागच्या खोलीत लॉस प्रिव्हेन्शनच्या माणसाने लिहून घेतलं असेल तर तो सहसा पोलीस धरला जात नाही, त्याला इशारा द्यायची गरज नाही. म्हणून हे वाक्य कोणासमोर, कुठल्या खोलीत, दार बंद होतं का, कुठल्या भाषेत, किती वाजता बोललं गेलं हे भाच्याकडून आजच लिहून घ्या, पण ते फक्त वकिलासाठी, व्हॉट्सअ‍ॅपवर नातेवाईकांच्या ग्रुपमध्ये टाकू नका.

आता लगेच करायचं ते. दुकानाला व्हिडिओ जपून ठेवायचं पत्र वकिलाकरवी आज पाठवा, फुटेज काही दिवसांनी पुसलं जातं आणि हेतूचं खरं उत्तर त्यातच आहे, अ‍ॅफिडेव्हिटमध्ये नाही. क्रिमिनल वकिलासोबत इमिग्रेशनचाही वकील बघा. २०१०च्या पडीला विरुद्ध केंटकीपासून क्रिमिनल वकिलाने व्हिसाचे परिणाम सांगणं बंधनकारक आहे तरी दोघांनी एकमेकांशी बोललेलं बरं, कारण फ्लोरिडात ‘विथहोल्ड ऑफ अ‍ॅडज्युडिकेशन’ म्हणून जे मिळतं, ज्यात राज्याच्या दृष्टीने दोषी ठरवलंच नाही असं म्हणतात, ते गुन्हा कबूल करून घेतलं असेल तर इमिग्रेशनच्या दृष्टीने दोषी ठरवणंच आहे. पहिल्या तारखेला सरकारी वकील हसून ‘आज कबूल कर, दंड भर, घरी जा’ म्हणेल तेव्हा भाच्याने सही करू नये. इन्फर्मेशन फाइल झाली की ती आणि हा कागद शेजारी शेजारी ठेवून बघा, कलम तेच आहे का, रक्कम तीच आहे का. फरक दिसला तर मला लिहा, ओळ नंबरसकट, भाच्याचं नाव आणि केस नंबर काढून.